हिरवा ठिपका आणि गाभण उंदरीण



आमच्या घरी येत्या श्रावणात पाळणा हलायचा आहे. सून पहिलटकरीण. चौथा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, घरात आलेलं कुठलंही पाकीट मी आधी वाचते. आमचे हे म्हणतात, हिला वर्तमानपत्र नको, बिस्किटाचा पुडा द्या. १९८२ साली सांगलीला बी.कॉम. झाले, तेव्हापासून बारीक अक्षरात लिहिलेलं तेच खरं, मोठ्या अक्षरातली जाहिरात, हे डोक्यात पक्कं बसलंय. ताळेबंदाचंही तसंच असतं, खरी गोष्ट खालच्या टिपांमध्ये.

तर गोळ्यांची पट्टी भिंगाखाली धरली. गोळी आहे, कॅप्सूल नाही, म्हणजे जिलेटिनच्या कवचाचा प्रश्न नाही. बरं वाटलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, रंग : टायटॅनियम डायऑक्साइड. मी सहज सुनेला विचारलं, हे काय गं? तिनं फोनवर शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. युरोपात २०२२ साली या पदार्थावर खाण्यापिण्यात वापरायला बंदी आली आहे. औषधांत अजून चालतो, पण खाण्यात नाही. हे एक पांढरं खनिज आहे. भिंतीच्या रंगातही हेच असतं. गोळीला नुसता पांढराशुभ्र रंग यावा म्हणून वरून लावतात.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा एम.फार्म. आहे. औषधं आणि खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यानं बरीच वर्षं काढली आहेत. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, वहिनीला सांगा घाबरू नका. गोळीत तो कणभर असतो. आणि गाभण उंदरांवरसुद्धा तपासून झालाय, पिलांना काही झालेलं नाही." फोन स्पीकरवर होता. सुनेनं ऐकलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला. मला म्हणाली, "आई, म्हणजे माझ्यासारख्याच कुणालातरी आधी खायला घातलं की काय?"

तिचं हे वाक्य मला आठवडाभर सुटलं नाही. चाळीस वर्षं पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून मी वस्तू घरात घेत किंवा नाकारत आले. (ठिपका तर अलीकडचा. त्याआधी दुकानदाराला विचारून घ्यायचे.) आत काय आहे हे तो ठिपका सांगतो. आत जे आहे ते आपल्या पानापर्यंत येताना काय काय घडलं, हे तो सांगत नाही. खरं तर आत काय आहे हेही आपल्या हिशेबानं पूर्ण सांगत नाही. आपल्या सरकारच्या व्याख्येत मध आणि लाख शाकाहारात धरलेली आहे, म्हणजे मधाच्या बाटलीवरही हिरवा ठिपकाच. पण तो विषय वेगळा, कधीतरी लिहीन.

मी भाच्याला घरी बोलावलं, थालीपीठ खाऊ घातलं आणि म्हटलं, आता नीट सांग, हे कसं करतात. तो आधी टाळत होता. मग वहीवर आकडे मांडून सांगितलं. आकडे मांडले की मला समजतं.

गर्भावर परिणाम होतो का हे बघायची जगभर मान्य असलेली एक पद्धत आहे. ओईसीडी नावाच्या देशांच्या संघटनेनं ती १९८१ साली घालून दिली, पुढे सुधारली. पांढरे उंदीर आणि ससे हे तिचे ठरलेले प्राणी. चार गट करतात. एका गटाला तो पदार्थ देत नाहीत, बाकी तिघांना कमी, मध्यम आणि जास्त मात्रा. प्रत्येक गटात साधारण वीस गाभण माद्या. म्हणजे ऐंशी. उंदरीण बावीसेक दिवसांत विते. पदार्थ बहुधा रोज नळीनं थेट पोटात सोडतात. सगळ्यात मोठी मात्रा अशी निवडतात की आईला थोडातरी त्रास दिसावा, ती मरू नये, पण दिसावा. त्रासच दिसला नाही तर पुरेसं दिलं की नाही हे कळणार कसं, असं त्यांचं गणित.

आणि मग विण्याच्या आदल्या दिवशी त्या सगळ्या आयांना मारतात. मी विचारलं, आदल्या दिवशीच का? पिलं होऊ द्यावीत, मग बघावीत. भाचा म्हणाला, उंदरीण व्यंग असलेलं किंवा मेलेलं पिलू खाऊन टाकते, मग मोजणीत ते येत नाही. म्हणून पोट फाडून गर्भाशय बाहेर काढायचं, किती गर्भ रुजले, किती विरघळले, किती जिवंत, हे मोजायचं. एका मादीला दहा-बारा पिलं धरली तर ऐंशी माद्यांची आठशे ते साडेनऊशे पिलं. त्यांतली निम्मी आतले अवयव बघायला चिरतात. निम्म्यांचं मांस औषधानं पारदर्शक करतात आणि हाडं लाल रंगवतात, म्हणजे एकेक बरगडी मोजता येते. तो लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांत मिळतो म्हणे. रंग सुरक्षित आहे का बघायला आणखी एक रंग!

"आणि ज्या गटाला काहीच दिलं नाही, त्यांचं काय?" मी विचारलं.

"त्यांनाही तसंच, मावशी. तुलना करायची तर दोन्हीकडचं मोजायला हवं."

यानंतर तेच सगळं सशांवर.

मैत्रिणींनो, हे वाचताना काहींना मळमळेल, माहीत आहे. पण दशलक्षण पर्वात दहा दिवस आपण तत्त्वार्थसूत्राचं वाचन ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो, त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. प्राण्याला बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, त्याच्या शक्तीबाहेर ओझं लादणं, अन्नपाणी रोखणं. इतकी वर्षं हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बैल यायचा. गावाकडे आमच्याकडे बैलजोडी होती, वडील ओझ्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. भाच्यानं सांगितलं त्या दिवशी पहिल्यांदा बैलाच्या जागी पिंजरा आला. शक्तीबाहेरचं ओझं म्हणजे पाठीवरचं पोतंच असायला हवं असं कुठे आहे?

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे गेले तर हिशेब खोटा होईल.

तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांनी थॅलिडोमाइडचं नाव ऐकलं असेल. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदर बायकांना ओकाऱ्या थांबाव्यात म्हणूनही देत. अगदी निर्धोक म्हणून खपत होतं. १९६१च्या नोव्हेंबरात ते मागे घेतलं तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळं हातापायांविना किंवा आखूड हातापायांची जन्मली होती. गरोदर प्राण्यांवर ते नीट तपासलेलंच नव्हतं. पुढे तपासलं तर उंदरांच्या पिलांत ते व्यंग दिसेना, सशांच्या पिलांत दिसलं. म्हणून तेव्हापासून उंदीर आणि ससा असे दोन प्राणी घेतात. त्या आयांनी काय केलं होतं? सकाळी उलटी होते म्हणून गोळी घेतली, एवढंच. तेव्हा या चाचण्या क्रूर लोकांनी हौस म्हणून काढल्या असं मला वाटत नाही. त्या बायकांच्या दुःखातून आल्या. माझ्या सुनेला मी न तपासलेलं औषध देईन का? नाही. हे मी तुम्हाला तोंडदेखलं सांगत नाही, मन चाचपून बघितलं आणि उत्तर नाही आलं.

पण औषध वेगळं आणि गोळीचा पांढरेपणा वेगळा. माझं सगळं म्हणणं इथे आहे.

त्या टायटॅनियमचीच गोष्ट बघा. खाण्यात त्याचा उपयोग काय? च्युइंगगम, साखरेचं कवच असलेल्या गोळ्या, केकवरची सजावट पांढरीशुभ्र दिसावी. पोषण नाही, चव नाही, टिकाऊपणा नाही. युरोपात जुन्या सगळ्या पदार्थांची फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा याच्यासाठीही नवा मोठा प्रयोग झाला. उंदीर-उंदरिणींना जोडी लावायच्या आधीपासून, गाभणपणात, पिलं दूध पितात तोवर आणि पुढे पिलं मोठी झाल्यावरही खाद्यातून हा पदार्थ दिला. सर्वांत मोठी मात्रा वजनाच्या दर किलोला रोज १००० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या बाईनं रोज ६० ग्रॅम, चांगली चारपाच चमचे पांढरी भुकटी खाल्ल्यासारखं. निष्कर्ष काय, तर प्रजननावर आणि गर्भाच्या वाढीवर वाईट परिणाम आढळला नाही. आणि तरीही २०२१ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं सांगितलं की हा पदार्थ आता सुरक्षित मानता येणार नाही. कारण वेगळंच, पेशींमधल्या जनुकांना तो इजा करत नाही अशी खात्री देता येत नाही. झाली बंदी. आता आपल्या देशात तो अजून चालतो, अमेरिकेतही चालतो, आणि तज्ज्ञांचं आपसात एकमत नाही. ते त्यांनी बघावं. मला दिसतं ते असं, की त्या माद्या आणि त्यांची पिलं गेली, त्यांच्याकडून मिळालेलं उत्तर शेवटी कामी आलं नाही, आणि हे सगळं कशापायी, तर गोड गोळी मळकट दिसू नये म्हणून.

हे एकदाच घडलं असतं तर मी लिहायला बसले नसते. अमेरिकेत अमरँथ नावाचा एक लाल रंग होता, सरबतापासून आईस्क्रीमपर्यंत सगळीकडे. १९७०च्या सुमाराला रशियातून बातमी आली की उंदरांच्या गर्भांवर त्याचा परिणाम दिसतो. मग अमेरिकेच्या सरकारी खात्यानं गाभण उंदरिणींवर प्रयोग केले, इतरांनी केले, एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. त्याच रंगाच्या दुसऱ्या एका लांबलचक प्रयोगात तर कुठला उंदीर कुठल्या गटातला याचीच सरमिसळ झाली. शेवटी १९७६ साली अमेरिकेनं त्यावर बंदी घातली, शेजारच्या कॅनडानं घातली नाही. हिशेबनीस म्हणून मी अशा वह्या सहीला घेतल्या नसत्या.

आणि सॅकरिन. आमच्या लहानपणी बर्फाच्या गोळ्यावाल्याकडे असायचं ते. कॅनडातल्या प्रयोगांत आई उंदरिणीला सॅकरिन दिलं, पिलांनाही पुढे तेच दिलं, तर नर पिलांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या. १९७७ साली अमेरिकेत एवढी खळबळ उडाली की डब्यांवर कर्करोगाचा इशारा छापायचा कायदा झाला. पुढे कळलं की त्या गाठी नर उंदराच्या लघवीच्या खास घडणीमुळे होतात, माणसात तसं होत नाही. २००० साली तो इशारा काढला. म्हणजे थॅलिडोमाइडला उंदीर गप्प राहिला आणि सॅकरिनला उगाच ओरडला. भाच्याला हे म्हटलं तर तो हसला, म्हणाला, "मावशी, म्हणूनच शंभराने भागतो ना आम्ही."

ते शंभराचं प्रकरणही सांगते, कारण पाकिटामागे जे 'मर्यादेत' वगैरे म्हणतात ते यातून येतं. प्राण्याला ज्या मात्रेनं काही होत नाही ती मात्रा घ्यायची आणि शंभरानं भागायची. दहा पट माणूस आणि उंदीर यांतल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. अमेरिकेतल्या लेहमन आणि फिट्झह्यू या दोघांनी १९५४ साली हे मांडलं. अ‍ॅस्पार्टेमचं उदाहरण घ्या, बिनसाखरेच्या गोळ्यांत असतं ते. उंदरांमध्ये किलोला ४००० मिलिग्रॅमपर्यंत काही दिसलं नाही, भागिले शंभर, ४०. मला वाटलं होतं काहीतरी फार गूढ शास्त्र असेल. आमच्या दुकानातसुद्धा घसारा असाच काढायचे, एक गोल आकडा धरायचा आणि त्याला धरून राहायचं. वाईट नाही म्हणत मी, सावधपणाच आहे तो. पण त्या गोल आकड्याच्या वरच्या अंगाला कायम एक गाभण जनावर उभं असतं, हे आता मला विसरता येत नाही.

स्वाध्यायाला बस्तीत हा विषय मी काढला तर दोन प्रकारची उत्तरं आली. एक काकू म्हणाल्या, आपण पाकिटातलं खातच नाही, आपला काय संबंध? मी त्यांच्याच घरी मागच्या अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला गेले होते. बुंदीचे लाडू शेंदरी होते, चिवड्याच्या पुड्यावर 'जैन' असं हिरव्या अक्षरांत छापलं होतं आणि मागे ६२७, ६३१ हे आकडे होते. कांदा-लसूण नाही म्हणजे जैन झालं? त्यांना तिथे बोलले नाही, इथे लिहिते. त्या वाचतात हा ब्लॉग, रागावल्या तर फोन करतीलच.

दुसरी एक वहिनी, विचारी बाई. त्या म्हणाल्या, कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं नाही, करवलं नाही, पण विकत घेतलं म्हणजे अनुमोदना झालीच. मग गोळीच बंद करा. यावर मी बरेच दिवस विचार केला. मला ते इतकं सरळ वाटत नाही. जो प्रयोग होऊन गेला, ज्या जिवांचं व्हायचं ते झालं, त्याचा पदार्थ आज गरज म्हणून घेतला तर मी नव्यानं काही करवलं असं होत नाही. सुनेच्या हाडांना कॅल्शियम हवंय, बाळाच्याही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही हे आचार्यांनी ओळखूनच आपल्याला अणुव्रतं दिली, महाव्रतं नाही. पण कारखान्याला 'आणखी पांढरं, आणखी लाल, साखरेविना तितकंच गोड' असं हवंसं कोण वाटायला लावतं? आपण. दर नव्या रंगाला, दर नव्या गोडीला परवाना हवा आणि परवान्याला कागद हवेत. त्या कागदांत ऐंशी उंदरिणी असतात. मला अनुमोदना दिसते ती इथे. मागणी आणि पुरवठा शिकायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

आणि एक विसंगती तर मला झोपू देत नाही. २०१४ साली आपल्या देशानं सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला बंदी केली. प्राण्यांवर तपासलेली बाहेरून आणायलाही बंदी केली. फार चांगलं केलं. विचार काय होता? नटण्यासाठी जीव घेऊ नये. मग लिपस्टिकचा रंग ओठांवर लावायचा तर प्राण्यावर तपासायचा नाही, आणि त्याच ओठांतून आत जाणारा जेलीचा रंग मात्र तपासला तर चालतो? भाचा म्हणतो, पोटात जातं, धोका जास्त, म्हणून. बरोबर. पण मग उलट विचारा ना, ज्याचा धोका इतका की गाभण प्राणी मारून खात्री करावी लागते, आणि उपयोग एवढाच की दिसायला बरं, ते पोटात घालायचंच कशाला? पदार्थ वापरायला खरी गरज असायला हवी, गिऱ्हाइकाची दिशाभूल होता कामा नये, हे आंतरराष्ट्रीय नियमांतही लिहिलेलं आहे. फक्त तिथली गरज कारखान्याची असते. स्वयंपाकघरात बसून कुणी ती ठरवलेली नाही. माझं मत विचाराल तर नुसत्या शोभेच्या रंगांसाठी नवे परवानेच देऊ नयेत. जे तपासून झालेत ते पुरेत. त्यानं प्रयोगही होणार नाहीत आणि न तपासलेलंही कुणाच्या पोटात जाणार नाही.

आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मी मुद्दाम काढून वाचला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी खूप झटून प्रयत्न केले होते. त्यात प्रयोगांवर देखरेख आहे, प्रयोग टाळता येईल तिथे टाळा असंही आहे. पण एक कलम वाचून थबकले. मोठ्या प्राण्यांऐवजी ससा, बेडूक, उंदीर अशा छोट्यांवर काम भागत असेल तर मोठ्यांवर करू नका. कायद्याच्या दृष्टीनं ती दयाच. आपल्याकडे मात्र इंद्रियं मोजतात, वजन नाही. उंदीर पंचेंद्रिय, घोडाही पंचेंद्रिय.

भाच्यानं जाताना एक चांगली बातमी म्हणून सांगितलं की आता झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या गर्भांवर पुष्कळ तपासण्या होतात. ते पारदर्शक असतात, हृदय धडधडताना दिसतं, चिरावं लागत नाही. युरोपच्या नियमात पहिले पाच दिवस, स्वतः खायला लागेपर्यंत, त्याला प्राणी म्हणून मोजतही नाहीत. मी त्याच्याकडे बघत राहिले. तीर्थंकरांच्या पाच कल्याणकांतलं पहिलं गर्भकल्याणक. जन्माच्या आधी, गर्भात आल्याचाच उत्सव आपण करतो. पाच दिवसांचा मासा मोजायचा नाही हे मला कसं पटावं? पण उंदरिणीपेक्षा बरं का? असेल. पेशींवर, संगणकावरही काम चाललंय म्हणतो. २०२३ साली आपल्या देशात नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांविना केलेल्या तपासण्यांना जागा दिली आहे. ते खाण्याच्या पदार्थांनाही लागू व्हावं एवढं मी माझ्या परीनं लिहून पाठवणार आहे. अन्नसुरक्षेचे नियम बदलताना सरकार मसुदा जाहीर करून लोकांच्या सूचना मागवतं, ते कुणीही पाठवू शकतं. आपल्या महिला मंडळाच्या लेटरहेडवर गेलं तर बरं. अध्यक्षीणबाईंना मी विचारलंय. त्या म्हणाल्या, आधी चातुर्मासाच्या मंडपाचं होऊ दे.

घरात काय बदललं ते सांगून थांबते. गेल्या महिन्यात डोहाळजेवण झालं. मिठाईवाल्याला सांगितलं, बर्फी रंगाविना हवी, वर वर्ख नको. तो म्हणाला, "मावशी, पिस्त्याची बर्फी हिरवी नसेल तर लोक पिस्ताच नाही म्हणतील." मी म्हटलं, पिस्ता थोडा जास्त घाल. बर्फी आली, दुधाळ, जरा मातकट, मधूनमधून हिरवे ठिपके. बायकांनी खाल्ली. दोघींनी विचारलं, कुठून आणली, रंग असा काय? सुनेनं त्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी आत वाढण्यात होते. सरबत कोकमाचं होतं, ते बिचारं आपलं आपणच लाल असतं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं की बिनरंगाची कॅल्शियमची गोळी मिळते का. त्यांनी भुवया उंचावल्या, पण औषधवाल्याला फोन केला. बाहेर वेष्टण नसलेली, चघळायची एक मिळाली, पण तिच्यात गोडीला अ‍ॅस्पार्टेम आणि संत्र्याचा रंग. सून म्हणाली, "आई, राहू द्या." पांढरी गोळीच चालू आहे. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवते, त्याबरोबर घेते.